गाडीतला संडास

“बसून बघा काकू. खुर्ची घेताना आपण बसून बघतोच की,” इक्बाल मुल्लाणी म्हणाला आणि स्वतः पाठ फिरवून उभा राहिला.

कुमुदने एकदा माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि शेडच्या मधोमध मांडलेल्या तीन संडासांपैकी पहिल्यावर बसली. पलीकडे एका ॲम्ब्युलन्सच्या दाराचं वेल्डिंग चाललं होतं. तिथल्या दोघा कारागिरांनी मान वळवली आणि लगेच काळी काच तोंडापुढे धरली.

“हा हलतोय,” ती म्हणाली.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. कोल्हापूरजवळ शिरोलीला मुल्लाणीचं गॅरेज होतं. ॲम्ब्युलन्स, फिरते दवाखाने, असल्या गाड्या तो आतून बांधून द्यायचा. मी कराडच्या एसटी डेपोत फोरमन होतो, तेव्हापासूनची आमची ओळख. निवृत्त झाल्यावर मी एक जुनी तेरा सीटची व्हॅन घेतली आणि त्याच्या दारात आणून उभी केली. त्याने माझ्या मागची एक सोडून बाकीच्या सीटा काढल्या, आत पलंग केला, छोटा ओटा केला, पाण्याची टाकी बसवली, खिडक्यांना पडदे लावले. राहिला होता फक्त संडास. आणि खरं सांगायचं तर बाकीची सगळी गाडी त्या एका वस्तूसाठीच होती.

त्याच्या चार वर्षं आधी कुमुदला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला. किरणांचे शेक दिले. कॅन्सर गेला, पण त्या शेकांनी मूत्राशय आकसलं. दर अर्ध्या तासाने तिला जावं लागायचं, आणि लागली की दोन मिनिटंही थांबता यायचं नाही. डावी किडनी निकामी झाली होती, उजवीवर सगळं चाललं होतं. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. पाणी कमी प्यायचं नाही आणि लघवी तुंबवायची नाही. घरात हे जमायचं. उंबऱ्याबाहेर मात्र काही खरं नव्हतं. चार वर्षांत ती कुणाच्या लग्नाला गेली नाही, सख्ख्या बहिणीकडे गेली नाही. मूलबाळ आम्हाला नव्हतं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई दिवसभर खिडकीत बसून समोरचा रस्ता बघायची. एकदा भाजी निवडताना म्हणाली, “तीस वर्षं मुलांकडून गिरसप्पाचा धबधबा पाठ करून घेतला. मी कुठे बघितलाय?”

त्या वाक्यावर मी गाडी घेतली.

“हा घडीचा आहे, म्हणून हलतो,” इक्बाल म्हणाला. “पण सगळ्यांत सोपा हाच. खाली पिशवी लावायची, आत पावडर टाकायची. काम झालं की सगळं घट्ट होतं. गाठ मारायची, टाकून द्यायची.”

“कुठे टाकून द्यायची?” कुमुदने विचारलं.

“कचऱ्यात. कुठेही.”

“मग ती उघडणार कोण?”

“उघडणार कशाला कोण काकू?”

“कचरा वेचणारी बाई उघडते. आत काय आहे ते तिला बाहेरून कसं कळणार?”

इक्बालने मान खाजवली. मला तो पिशवीचा संडास मनापासून पसंत होता. हलका आहे, घडी होते, जागा खात नाही, असं मी तिला सांगितलं. खरं कारण मी सांगितलं नाही. त्यात काही ओतायला लागत नव्हतं. चाळीस वर्षं ग्रीसमध्ये आणि काळ्या तेलात कोपरापर्यंत हात घातलेला माणूस मी, पण या एका गोष्टीची मला लहानपणापासून शिसारी होती. तिच्या आजारपणात दवाखान्यात भांडं द्यायची वेळ आली की मी आयाला हाक मारायचो.

दुसरा संडास म्हणजे झाकणाची बादली आणि वर बैठक. वापरल्यावर लाकडाचा भुसा टाकायचा. कुमुद त्यावर बसली, पण तिला उठता येईना. मी हात दिला. “फार खाली आहे,” ती म्हणाली. “माझे गुडघे नाही ऐकणार.”

तिसऱ्यावर ती बसली आणि बसूनच राहिली. उंची बरोबर होती. वरच्या भागात स्वच्छ पाणी आणि ते सोडायला हाताने दाबायचा पंप. खालच्या भागात घाणीची टाकी, एकवीस लिटरची, तीत निळं औषध. मधे सरकती झडप, त्यामुळे वास येत नसे. टाकी भरली की ती खालून सोडवायची, मूठ धरून न्यायची आणि एखाद्या संडासात ओतून धुऊन आणायची.

“हा,” कुमुद म्हणाली.

“काकू, खोटं बोलणार नाही,” इक्बाल म्हणाला. “माल चांगला आहे, पण रोज रिकामी करायला लागते. भरलेली टाकी बावीस-तेवीस किलो होते. तुम्हाला नाही उचलायची.”

“हे उचलतील,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. “उचलाल ना?”

“उचलीन की.”

“तुम्ही स्वतः?”

“मी नाही तर कोण?”

“तसं नाही. नीट सांगा. वाटेत कुणाला तरी पैसे देऊन करून घ्यायचं नाही. आपलं आपण करायचं. हे कबूल असेल तर मी येते. नाहीतर घरी आहे ती बरी आहे.”

“एवढं काय आहे त्यात, कुमुद?”

“आहे. सांगीन कधीतरी.”

इक्बालसमोर मला संकोच वाटला. “कबूल,” मी म्हणालो. ती त्या संडासावर बसल्या बसल्याच हसली. चार वर्षांत ती तशी हसली नव्हती.

दिवाळी झाल्यावर एका सोमवारी सकाळी आम्ही निघालो. पहिला दिवस फार चांगला गेला. ती माझ्या मागच्या सीटवर बसायची, अर्ध्या तासाने “थांबवा हो” म्हणायची, मी गाडी कडेला घ्यायचो, ती आत पडदा ओढायची, पंपाचा आवाज यायचा, आणि पडद्यामागून ती म्हणायची, “चला!” बाटलीमागून बाटली पाणी पीत होती. निपाणीच्या पुढे तंबाखूची रानं लागली तेव्हा तिने मला काळ्या मातीवर आख्खा धडा ऐकवला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास बेळगावच्या पुढे एका पेट्रोल पंपाच्या आवारात आम्ही मुक्काम केला. ट्रक उभे करायला मागे मोठी जागा होती. टाकी जवळजवळ भरली होती. मी ती सोडवली, मूठ धरली आणि पंपाच्या मागच्या बाजूला असलेल्या संडासाकडे नेली.

दार उघडलं तर आत पाणी तुंबलेलं. खाली पाय ठेवायला जागा नाही. मी नाक दाबून टाकीच्या झाकणाचे दोन आटे फिरवले आणि आतल्या औषधाचा आणि घाणीचा मिसळलेला वास एकदम वर आला. मी टाकी खाली ठेवली, भिंतीला हात टेकला आणि कोरड्या ओकाऱ्या काढल्या.

“काय झालं साहेब?”

आवार झाडणारा माणूस खराटा घेऊन उभा होता. चाळिशीचा असेल. अंगात खाकी शर्ट, वरचं बटण तुटलेलं.

“काही नाही. ही जरा रिकामी करायची होती.”

त्याने टाकीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. खराटा भिंतीला उभा केला आणि म्हणाला, “द्या हिकडं. तुमचं काम न्हवं हे.”

मी त्याच्या हातावर नोट ठेवली आणि तिथून निघालो. पुढच्या बाजूला जाऊन साबण मागून दोनदा हात धुतले. चहाच्या टपरीवर चहा घेतला. पंधरा-वीस मिनिटांनी तो माणूस टाकी घेऊन आला. स्वच्छ धुतलेली. त्याचा शर्ट छातीवर ओला होता. टाकी धुताना भिजला असेल असं मला वाटलं.

मी टाकी आणून जागेवर बसवली. कुमुद पलंगावर बसली होती. खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला होता.

“जमलं?” तिने विचारलं.

“हो. काही नाही त्यात.”

“सांडलं वगैरे नाही ना कुठे?”

“छे.”

मग तिने पडदा ओढून घेतला आणि कुकर लावायला उठली.

मंगळवारी आम्ही धारवाडला थांबलो. गावाबाहेर एक तळं आहे, त्याच्या काठी झाडाखाली दिवसभर गाडी लावून बसलो. ऊन चांगलंच होतं. तिच्या उशाशी मी पाण्याची बाटली ठेवायचो, थोड्या वेळाने बघावं तर रिकामी. मी पुन्हा भरून ठेवायचो. संध्याकाळी टाकी सोडवायला गेलो तर ती हलकीच लागली. हलवून बघितली. तळाशी थोडंसं डुचमळलं.

“आज फारशी भरली नाही,” मी म्हणालो.

“बरं वाटतंय मला. सारखं जावंसं नाही वाटत. हवा बदलली ना.”

“बघ! डॉक्टर काय म्हणत होते, आणि तू नुसती चार वर्षं घरात बसलीस.”

“हो ना,” ती म्हणाली.

बुधवारी शिरसीपर्यंत जंगलातला रस्ता. ती थांबवा म्हणाली नाही. दुपारी तिला जेवण गेलं नाही, उलटी झाली. घाटाची वळणं लागली असतील म्हणून मी लिंबू दिलं. तिचे ओठ सुकले होते आणि त्यांना पांढरी साल आली होती. मी म्हणालो, “पाणी पितेस ना?” ती म्हणाली, “बाटली बघा की, रिकामी आहे.” मी बघितली. खरंच रिकामी होती. त्या दिवशीही टाकी ओतावी लागली नाही आणि मला, आता सांगायला लाज वाटते, आत कुठेतरी बरं वाटलं. सुटलो असं वाटलं.

शिरसीहून गिरसप्पा साठेक किलोमीटर. गुरुवारी लवकर निघून ऊन चढायच्या आत पोहोचायचं ठरलं होतं. सकाळी मी चहा करून तिला हाक मारली. तिने डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. गाडीच्या टपाकडे बघत, शाळेतल्या आवाजात ती म्हणाली, “अनगळ? अनगळ आलाय का? मग हजेरीला उठत का नाही?”

“कुमुद.”

“कोकाटे. खरात.”

अंग तापलं होतं. पाय सुजले होते, बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. शेजारच्या चहावाल्याने लहान दवाखाना दाखवला. तिथल्या डॉक्टरने तिची जीभ बघितली, पोटावर हात ठेवला आणि मला विचारलं, “लघवी कधी झाली शेवटची?”

मी बोटांवर दिवस मोजायला लागलो.

“हुबळीला न्या. आत्ताच्या आत्ता. इथे काही होणार नाही.”

मी गाडी उलटी फिरवली. अडीच तासांचा रस्ता होता. मागून ती मधे मधे विचारत होती, “आलं का हो गिरसप्पा?”

“आलंच,” मी म्हणत होतो. “आलंच बघ.”

हुबळीच्या हॉस्पिटलात त्यांनी तिला थेट आत नेलं. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. एकच किडनी चालू होती, तीही बसत आली होती. अंगातलं पाणी आटलं होतं, रक्तात विष साठलं होतं, वर जंतुसंसर्ग. त्यांनी मला विचारलं, “दोन-तीन दिवस यांनी पाणीच प्यायलेलं दिसत नाही. तुम्ही बरोबर होतात ना?”

“बाटल्या रिकाम्या होत होत्या,” मी म्हणालो.

ते आत गेले.

दोनदा डायलिसिस झालं. चौथ्या दिवशी ती शुद्धीवर आली आणि तिला छोट्या खोलीत हलवलं. नळी घातलेली होती. पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. चेहरा एवढासा झाला होता, पण डोळे स्वच्छ होते. मी स्टूल ओढून बसलो.

“बाटलीतलं पाणी काय करत होतीस?” मी विचारलं.

“ओट्याच्या बेसिनमध्ये ओतत होते. तुम्ही खाली उतरलात की.”

“अगं का?”

ती म्हणाली, “त्या पंपावर तुम्ही चहा घेत होतात ना, तेव्हा मी खिडकीतून बघत होते.”

मी मान खाली घातली.

“त्या माणसाने टाकी उचलली आणि तिरकी केली मात्र, झाकणच निघून पडलं. सगळं त्याच्या छातीवर आलं. गळ्यावर, हनुवटीला. माझं. तो नळावर धुवायला गेला तर पंपावरचा कोणीतरी त्याच्यावर ओरडला. पिण्याचा नळ आहे म्हणाला असेल. मग तो मागच्या डबक्यावर गेला. शर्ट काढून धुतला, पिळला आणि तसाच ओला घातला. आणि त्यानंतर बसून आपली टाकी घासली. साबण लावून.”

झाकणाचे दोन आटे मीच फिरवून ठेवले होते. ते मी त्याला सांगितलं नव्हतं. तिलाही मी तेव्हा ते सांगितलं नाही.

“मला बोलायचंस तरी,” मी म्हणालो.

“विचारलं की. सांडलं का म्हणून विचारलं. तुम्ही छे म्हणालात.” तिला धाप लागली, ती थांबली. “म्हटलं आता परत फिरा म्हणावं, तर तुम्ही एवढ्या हौसेनं गाडी केली. आणि मलाही जायचं होतं. म्हटलं आत काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार. तीन दिवस काढू. घरी गेल्यावर पिऊ पाणी.”

“एका माणसासाठी? ज्याचं नावही आपल्याला माहीत नाही?”

“आमच्या गल्लीत टोपलीचा संडास होता,” ती म्हणाली. “सकाळी चंद्राबाई यायची. डोक्यावर पत्र्याचा डबा. मी पहिलीत असेन. पावसाळ्यात तो डबा गळायचा, तिच्या कानावरून खाली यायचं. आई तिच्या ओंजळीत लांबून पाणी ओतायची. मी आईला विचारलं, चंद्राबाईच्या अंगाला असा वास का येतो? आई म्हणाली, त्यांचा तसाच असतो.” तिने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. “मी मोठी होईपर्यंत मला तेच खरं वाटायचं. तिचा वास. तो आमचा होता हो. आमच्या घरातल्या सात माणसांचा.”

दार ढकलून आया आत आली. यल्लव्वा तिचं नाव. पिशवी रिकामी करायची वेळ झाली होती. ती पलंगाशी वाकली तशी कुमुदने हात हलवून तिला थांबवलं.

“तुम्ही करा,” ती मला म्हणाली.

यल्लव्वा मोडक्या मराठीत म्हणाली, “राहू दे काका, सवय नाही तुमाला.”

“करतील ते,” कुमुद म्हणाली.

मी खाली बसलो. यल्लव्वाने मापाचं भांडं माझ्या हातात दिलं आणि तोटी कशी फिरवायची ते दाखवलं. भांडं नीट धरलं गेलं नाही आणि पहिली धार माझ्या पायावर आणि फरशीवर गेली. गरम होती. मी भांडं सरळ केलं. मी तोंड फिरवलं नाही. कुमुद वरून बघत होती.

“फरशी पण पुसा,” ती म्हणाली. “नाहीतर तिलाच पुसायला लागेल.”

मी फरशी पुसली, भांडं संडासात ओतलं, धुतलं, जागेवर ठेवलं. नर्सच्या कागदावर आकडा लिहायचा असतो, तो लिहिला.

त्यानंतर आठ दिवस ते काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. तिची उलटी पुसली, अंथरूण ओलं झालं ते बदललं, तिला पुसून घेतलं. पहिल्या दोन दिवसांनंतर मला त्याची शिसारीही येईनाशी झाली. पिशवी रिकामी केली की ती विचारायची, “किती?” मी आकडा सांगायचो. आधी साठ मिली. मग चाळीस. एक दिवस पुन्हा पंचावन्न झाली तेव्हा मी यल्लव्वाला चहा पाजला. मग पंचवीस, दहा.

डायलिसिस लावलं की तिचं ब्लडप्रेशर एकदम खाली जायचं. डॉक्टर म्हणाले, आता तेही सोसायचं नाही. गाडी खाली आवारात उभी होती. मी तिला म्हणालो, थोडी बरी झालीस की इथून गिरसप्पा काही लांब नाही. ती म्हणाली, “दिवाळी होऊन किती दिवस झाले. पाणी कमी झालं असेल त्याचं.”

मंगळवारी सकाळी मी भांडं घेऊन खाली बसलो. पिशवी सपाट होती. तरी मी तोटी उघडली आणि भांडं धरून थांबलो. बराच वेळ थांबलो.

“किती?” तिने विचारलं.

“आज नाही आली,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. तिचा हात चादरीवरून माझ्या खांद्याशी आला आणि तिथेच राहिला.

“हात धुवून या,” ती म्हणाली. “चहा घ्या जरा.”

मी तोटी बंद केली. भांडं कोरडंच होतं, तरी ते धुतलं. हात धुतले. परत आलो तोवर तिने डोळे मिटले होते. श्वास चालू होता. दुपारी दोनच्या सुमारास तोही थांबला.